सांगली ते पाचगणी, मागे कॅम्पर लावून: पिकअप कुठला घ्यायचा ते उतारावर कळतं

पिकअप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पॉवर किती?" मागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मुक्कामाची सोय असलेला डबा, ओढायचा असेल तर हा प्रश्न तिसरा-चौथा असावा, असं माझं मत या डिसेंबरच्या फेरीत पक्कं झालं. सांगलीहून पेठ नाका, कराड, सातारा, मग चाळकेवाडीचं पठार, तिथून वाई आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी, असा बेत होता. माझा मॅन्युअल गिअरचा इसुझू व्ही-क्रॉस आणि दाजींची ऑटोमॅटिक टोयोटा हायलक्स, दोन्ही गाड्या बरोबर घेतल्या. ट्रेलर एकच, एका ॲक्सलचा. तो आलटून-पालटून दोन्हींना लावला, म्हणजे घरी बसून आकड्यांवरून भांडण्यापेक्षा बरं.

आकडे तरीही सांगून टाकतो. व्ही-क्रॉसचं १.९ लिटरचं डिझेल इंजिन १६३ पीएस ताकद आणि ३६० एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, देतं. हायलक्सचं २.८ लिटरचं, २०४ पीएस. टॉर्क मॅन्युअलला ४२० आणि ऑटोमॅटिकला ५०० एनएम. टाटा योद्धाचं २.२ लिटरचं इंजिन १०० पीएस आणि २५० एनएमच्या घरात आहे. डिझेलचा टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो, म्हणून ओढायला डिझेलच, यात वाद नाही. टर्बो असल्यामुळे १२००-१३०० मीटर उंचीवरच्या विरळ हवेचाही फारसा फरक जाणवत नाही. चढाला दोन्ही गाड्या अजिबात रडल्या नाहीत. हायलक्स पसरणी घाट बोलत बोलत चढली, व्ही-क्रॉसला दुसरा-तिसरा गिअर खेळवावा लागला, एवढाच फरक. तेवढ्यासाठी लाखो रुपये जास्त मोजायचे का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

निघण्याच्या आदल्या दिवशीचं काम मात्र कुणी टाळू नये. आमच्या भागात ऊस असल्यामुळे वजनकाट्यांची चंगळ आहे. ट्रेलर पूर्ण भरून, म्हणजे पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, गाद्या सगळं टाकून, पिकअपपासून सोडवून एकटा काट्यावर उभा केला: ९४० किलो. विकणाऱ्यानं सांगितलेलं वजन रिकाम्या ट्रेलरचं असतं, हे लक्षात ठेवा. आता दुसरं वजन, जास्त महत्त्वाचं: पुढच्या दांडीचा पिकअपच्या हूकवर पडणारा भार. ट्रकचा काटा इतकं बारीक वजन नीट दाखवत नाही. म्हणून ट्रेलर मित्राच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात नेला. हळदीची पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा दांडीखाली सरकवला, वर लाकडाचा ठोकळा ठेवून दांडी बरोबर हूकच्या उंचीवर आणली. काटा म्हणाला ४५ किलो. एकूण वजनाच्या पाच टक्केही नाही, आणि हा भार कमी पडला की ट्रेलर डुलतो. पाण्याचे कॅन आणि जास्तीची बॅटरी मागच्या कपाटातून काढून ॲक्सलच्या पुढं बांधली, तेव्हा ८० किलो झालं. युरोपात हा भार ५ ते ७ टक्के ठेवा म्हणतात, अमेरिकेत १० ते १५. आपल्या रस्त्यांवर, आपल्या वेगाला मला आठ-नऊ टक्के बरे वाटतात. हूकवर आणि कपलरवर (दांडीचं हूकला अडकणारं तोंड) कमाल भार कोरलेला असतो, त्याच्या वर मात्र जायचं नाही.

दुकानातले हमालमामा हे सगळं बघत होते. म्हणाले, "एवढं वजन करताय, विकायचाय का किलोवर?"

या ८० किलोंचं गणित पिकअप निवडताना लोक सपशेल विसरतात. हा भार ट्रेलरचा असला तरी तो पिकअपच्या अंगावर असतो. आरसी किंवा मॅन्युअल उघडा, गाडीच्या कमाल एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरलं त्यात ड्रायव्हर धरून सगळी माणसं, मागच्या हौद्यातलं सामान, हौद्यावर बसवलेलं कॅनोपी, हूकची लोखंडी फ्रेम आणि दांडीचा भार, सगळं बसवायचं. पाच मोठी माणसं बसली की साडेतीनशे किलो तिथंच गेले. शौकाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डबल कॅब पिकअपमध्ये ही शिल्लक वाटते तितकी नसते. दिसायला हत्ती, पण कागदावर भार मोजका. शोरूममध्ये सनरूफ आणि स्क्रीनचं विचारण्यापेक्षा हे विचारा. आणि ओढण्याची क्षमता भारतात विकलेल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. थायलंड-ऑस्ट्रेलियाच्या व्हिडिओत ३५०० किलो ओढताना दिसतं, ते तिकडच्या गाडीचं, तिकडच्या हूकचं आणि तिकडच्या कायद्याचं.

सांगली ते सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. पेठ नाक्यापर्यंत डिसेंबरात उसाचं राज्य असतं. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बाहेर आलेला ऊस, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तर ट्रॉलीच्या मालकाची कृपा. ट्रेलर लावून ओव्हरटेक करताना आपली लांबी दुपटीच्या जवळ जाते हे डोक्यात भिनायला वेळ लागतो. दोन्ही पिकअप मुळात सव्वापाच मीटरच्या पुढं आहेत. सकाळी उजाडल्यावर निघा आणि अंधाराआधी मुक्काम गाठा. हंगामात तरी एवढं पाळाच. महामार्गावर सहापदरीकरणाच्या कामांमुळं जिथं रस्ता वळवलेला असतो तिथं अरुंद वळणं आणि उंचवटे येतात, तिथं ट्रेलर उडतो. मी ७०च्या वर गेलो नाही. डिझेल अर्थातच जास्त लागलं. एरवी लिटरला बारा-तेरा देणारी माझी गाडी आठ-नऊवर आली. हायलक्सचंही फार वेगळं नाही.

साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूनं ठोसेघर आणि पुढं चाळकेवाडी. इथं मुद्दाम गेलो ते वाऱ्यासाठी. पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. पठारावर आडवा वारा ट्रेलरच्या सपाट बाजूवर आदळतो आणि मागचा डबा डुलायला लागतो. आमची दांडी ८० किलोंवर होती, तरीही दोन-तीन झोत जाणवले. ४५वर काय झालं असतं, ते बघायची हौस नव्हती. डुलायला लागला तर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, स्टेरिंग उलट-सुलट फिरवायचं नाही, वेग वाढवून सरळ करायला तर मुळीच जायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टेरिंग सरळ घट्ट धरा, आपोआप बसतो. जड आणि लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, पिकअप इथं एखाद्या एसयूव्हीपेक्षा खूप निवांत वाटते. दोन्हींचा व्हीलबेस तीन मीटरच्या वर आहे आणि मागचे स्प्रिंगचे पाटे रिकाम्या गाडीत जे कंबर मोडतात तेच दांडीचा भार पडला की शहाण्यासारखे वागतात.

कासला मात्र ट्रेलर नेऊ नका. यवतेश्वरचा घाट, वरची गर्दी आणि फुलांच्या हंगामात वाहनांवरची बंधनं बघता तो साताऱ्यात सोडून रिकाम्या गाडीनं जाणं शहाणपणाचं.

आता पसरणी. वाई साधारण ७०० मीटरवर आणि पाचगणी १३०० मीटरला टेकलेलं. अंतर डझनभर किलोमीटरचं. चढताना एकच पथ्य: वळणावर ट्रेलरचं चाक आपल्या मागच्या चाकाच्या आतून कापतं, म्हणून डोंगराच्या बाजूच्या वळणावर जरा उशिरा आणि बाहेरून वळायचं. समोरून एसटी येत असेल तर वळणाच्या आधीच थांबा. एसटीचा ड्रायव्हर हा घाट रोज करतो, त्याला जागा दिली की तो आपल्याला वाट काढून देतो.

खरी परीक्षा परतीला. पिकअप, माणसं आणि ट्रेलर मिळून आमचं वजन सव्वातीन टनांच्या वर. ते पावणेसहाशे मीटर खाली आणायचं म्हणजे साधारण पाच युनिट विजेएवढी ऊर्जा कुठंतरी जिरवायची. घरातला गिझर अडीच तास चालवला तर जेवढी उष्णता होईल तेवढी, आणि तुमच्या हातात अर्धा तास. ती ब्रेकमध्ये जिरवली तर पॅड आणि ड्रम तापतात, पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात शोषलेल्या पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतं. दोन्ही गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं ड्रमच आहेत, तिथं महाग-स्वस्त काही फरक नाही. म्हणून निघण्याआधी ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला.

उरलं इंजिन ब्रेकिंग, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिननंच गाडी धरून ठेवणं. मॅन्युअल व्ही-क्रॉस दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि ती जवळजवळ स्वतःच उतरली. वळणाआधी ब्रेक दाबला, सोडला, एवढंच. हायलक्स डीमध्ये ठेवली तर ती वरचा गिअर घेऊन वेग धरते, मग पाय सारखा ब्रेकवर. लिव्हर मॅन्युअल बाजूला सरकवून दुसरा गिअर धरून ठेवल्यावर तीही निमूट आली. दाजींना हे आधी पटत नव्हतं, "ऑटोमॅटिकचे एवढे पैसे मग कशाला दिले?" असा त्यांचा रास्त सवाल. ऑटोमॅटिक घेणार असाल तर ट्रायलला घाटच मागा, आणि गिअर हातानं धरून ठेवता येतो का ते बघा. फोर बाय फोर आहे म्हणून कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, वळणं घेऊ नका. या गाड्यांत पुढची-मागची चाकं एकत्र जखडली जातात आणि गिअरचे भाग विनाकारण ताणले जातात. ती सोय ओल्या शेतातून ट्रेलर बाहेर काढायला आहे, आणि तिथं तिचं मोल कळतं.

एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. आमच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहे, म्हणजे ट्रेलर पुढं ढकलला गेला की दांडीतला दांडा आत जातो आणि त्याचे ब्रेक लागतात. सपाट रस्त्यावर उत्तम. पण उतारावर आपण इंजिननं गाडी धरली की ट्रेलर सतत ढकलतच असतो, म्हणजे त्याचे ब्रेक सतत थोडे घासत राहतात. पिकअपचे ब्रेक गार आणि ट्रेलरचं हब तापलेलं, असं होतं. घाटात मोकळी जागा दिसेल तिथं थांबा आणि हात चाकाच्या मधोमध नेऊन बघा, टेकवू नका. धग लागली तर चहा पिण्याइतकं थांबा. ब्रेकच नसलेला स्वस्त ट्रेलर कुणी दाखवला तर घाट सोडा, सांगली-मिरज रस्त्यावरही मी तो ओढणार नाही.

मुक्काम वाईजवळ धोम धरणाच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतात. फाटक अरुंद, ट्रेलर उलटा आत घालायचा होता. दाजींनी दोन-तीनदा प्रयत्न केला, ट्रेलर दर वेळी भलतीकडंच. बांधावर उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बिडी ओढत बसला होता. शेवटी त्याला राहवेना. "आवो पाव्हणं, ष्टेरिंग वरनं न्हवं, खालनं धरा. ज्या अंगाला हात न्याल, त्या अंगाला डबा जाईल. आन् जरा जरा." खालून हात धरल्यावर एका दमात गेला. दोन ट्रॉल्या रिव्हर्स घेणाऱ्या या लोकांपेक्षा मोठा मास्तर शोधूनही मिळणार नाही. फक्त आपला छोटा ट्रेलर ट्रॉलीपेक्षा पटकन वाकडा होतो, म्हणून दुरुस्तीही आधी करायची. ओव्हररन ब्रेक असेल तर रिव्हर्सला तो लागू नये म्हणून खिट्टी किंवा आपोआप सुटायची सोय आहे का, तेही घेतानाच बघा.

मग घ्यायची कुठली? ९०० ते १००० किलोंचा ट्रेलर आणि चार माणसं असतील तर मी पुन्हा व्ही-क्रॉस मॅन्युअलच घेईन, फोर बाय फोर. त्याहून जड, दोन ॲक्सलचा डबा आणि दूरचे प्रवास असतील तर हायलक्सचा जास्तीचा टॉर्क आणि वजन कामी येतं. योद्धा किंवा बोलेरो पिकअप भाराला चांगल्या, दुरुस्तीला गल्लोगल्ली मेकॅनिक. पण पिवळी पाटी, वेळोवेळी फिटनेस आणि लांबच्या प्रवासात मागं बसणाऱ्यांच्या कंबरेचे हाल, हे घरात आधी विचारून घ्या. जुनी गाडी बघत असाल तर बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. फक्त गावात फिरवलेली गाडी तो तुंबवून ठेवते. महामार्गावर चाललेली, थोडी जास्त किलोमीटर झालेली गाडी मला अशा वेळी जास्त पटते.

कागदांचंही आधीच उरकून घ्या. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच आहे, त्यामुळं त्याची वेगळी नोंदणी आणि विमा लागतो. गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेला डबा आरटीओत नोंदवताना नाकी नऊ येतात, म्हणून मान्यता असलेलाच घ्या. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात कॅम्पर ट्रेलरचाही विचार आहे. तरी रस्त्यावरच्या हवालदाराला ते माहीत असेलच असं धरू नका, मूळ कागद गाडीत ठेवा. पिकअपच्या विमा कंपनीला ट्रेलर ओढणार असल्याचं लेखी कळवा आणि उत्तरही लेखीच मागा. हूक बसवतानाचं बिल त्याच फायलीत लावा.