आमची वाटचाल : टेस्ट लॅम्पपासून कॅन लाइनपर्यंत

नाना पेठेतलं आमचं दुकान ऑटो इलेक्ट्रिकचं. सेल्फ, डायनॅमो, वायपर मोटर, सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारा संपर्क), कंडेन्सर यांवर ते उभं राहिलं. फीलर गेजची 0.4 मिमीची पाती पॉइंटमधून किंचित अडत सरकली की गॅप बरोबर, हे हाताला कळायचं. 2000 साली प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्ब्युरेटर मागे पडून एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंधन फवारणारी पद्धत आली, आणि पॉइंट ज्यात बसायचे त्या डिस्ट्रिब्युटरबरोबर आमचा अर्धा धंदा गेला.

उरलेला धंदा टेस्ट लॅम्पने, म्हणजे वायरीत करंट आहे का ते बघायच्या बल्बने, बुडवायला आणला होता. 5 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 400 मिलीअँपिअर ओढतो. हेडलाइटच्या वायरीला त्याचं काहीच नाही. पण सेन्सरची 5 व्होल्टची लाइन काही मिलीअँपिअरवर चालते, तिथे लॅम्प लावला की ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या, आतला भाग जळू शकतो. आमच्याकडे तसा एक जळला. नवा ईसीयू दुकानाच्या खिशातून भरून दिला. त्या वर्षी भाडंही थकलं. सेन्सरच्या वायरीवर फक्त डिजिटल मल्टिमीटर, हा नियम तेव्हापासूनचा.

त्याच दिवसांत समोर काचेच्या दर्शनी भागाचं नवं गॅरेज झालं. टेबलावर गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर, आणि आमच्या गिऱ्हाइकांना सल्ला: ‘जुन्या वायरमनच्या हातात नवी गाडी देऊ नका.’ हे शब्द आजही टोचतात. कारण तिथे कोड वाचायचा आणि त्या नावाचा पार्ट बदलायचा, एवढंच काम चालायचं. पी0335 दिसला की क्रँक सेन्सर (इंजिनच्या क्रँकचं फिरणं टिपणारा) नवा. पण तोच कोड तुटलेल्या वायरीने येतो, ढिल्या कपलरने (वायरींच्या जोडाने) येतो, सेन्सरसमोरच्या दातेरी रिंगचा दात मोडला तरी येतो.

आम्हाला सावरलं हडपसरच्या एका टूरवाल्या दादांनी. त्यांची डिझेल गाडी पावसात मध्येच बंद पडायची, मीटरवर सगळे दिवे लागायचे, वाळली की पुन्हा चालू. कोड यू0100, म्हणजे इंजिनच्या ईसीयूशी संपर्क तुटलेला. समोरच्यांनी ईसीयूच गेला म्हणून सांगितलं. दादा गाडी आमच्याकडे घेऊन आले आणि किल्ली ठेवून गेले.

बॅटरीची निगेटिव्ह काढली. ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) 6 आणि 14 नंबरच्या पिनांवर मीटर लावला. कॅन लाइन म्हणजे गाडीतले ईसीयू एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी. तिच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात, म्हणून 60 दिसायला हवेत. (सॉकेट आणि कॅन लाइन यांच्या मधे गेटवे नावाचा डबा असलेल्या नव्या गाड्यांत सॉकेटवरच्या या मापावर विसंबू नका.) मीटरवर 60च होते, इंजिनकडचा लूम (वायरींचा जुडगा) हलवला की 120. म्हणजे एका टोकाची वाट तुटत होती. बॅटरी ट्रेखालच्या कपलरमध्ये एक पिन हिरवी पडलेली, सील फाटलेलं. पिन कापून नवी क्रिंप केली, सील बदललं, दोन्ही वायरींचा पीळ पिनेच्या जवळपर्यंत परत घातला. तो पीळ बाहेरचा गोंगाट मारतो. वायरी सरळ करून टेप गुंडाळणं चूक. ईसीयू तोच राहिला. पुढे दादांच्या सगळ्या गाड्या आमच्याकडे आल्या, आजही येतात.

नंतरची वर्षं बरी गेली. 2019 पासून नव्या गाड्यांत एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, 2020 ला प्रदूषणाचा बीएस-6 नियम आला, आणि साध्या गाडीतही सेन्सर वाढले.

गाडीमालकांनो, पार्ट बदलण्याआधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी, तपासून घ्या. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनवर धरून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी काढून तिचं बूड घासायला सांगा. रात्रीत बॅटरी उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, मग करंट मोजा. 50 मिलीअँपिअरपेक्षा जास्त येत असेल तर काहीतरी जागं आहे. बाहेरचा कॅमेरा, हॉर्न, जास्तीचे लाइट मूळ वायर सोलून तिला जोडू देऊ नका. फ्यूज आणि रिलेसह वेगळी लाइन ओढा. एअरबॅगच्या कपलरला मीटर कधीच लावायचा नाही. आणि ईसीयू बदलावाच लागला तर जुना मागून घ्या. समोरच्या दुकानातून तो कुणाला परत मिळाल्याचं आम्ही पाहिलेलं नाही.