तुम्ही विचारलंत म्हणून : रिमोट घेऊन करून का देत नाही?

"दहा मिनिटांचं काम. त्यांच्या मशीनचा ताबा इथूनच, रिमोटने घ्या आणि टाका करून. फोनवर तासभर एकेक अक्षर काय सांगत बसता?" ऑफिसातले विचारतात, घरचे विचारतात. ज्यांना टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, काही इन्स्टॉल करायला मी मदत करते, त्यांची पोरं तर जरा चिडूनच विचारतात. आजवर "माझी पद्धत आहे" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगतेच.

रिमोटने काम लवकर होतं, वाद नाही. मीही बरीच वर्षं तेच केलं. खोटं कशाला बोलू, त्यात मिरवायलाही मिळतं: चार ओळी टाइप केल्या की पलीकडून "वा!" येतं. पण पुढच्या वेळी त्याच माणसाचा त्याच कामासाठी फोन येतो, आणि "काय एरर आलाय?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "काहीतरी इंग्रजीत होतं, बंद केलं." त्या इंग्रजीतच बहुतेकदा उपाय असतो. 'अनेबल टू लोकेट पॅकेज' म्हणजे पॅकेजच्या (इन्स्टॉल करायच्या प्रोग्रॅमच्या) नावात चूक किंवा आधी 'एपीटी अपडेट', म्हणजे पॅकेजेसची यादी ताजी करणं, राहिलंय. 'कुड नॉट गेट लॉक' म्हणजे बहुधा मागे दुसरं अपडेट चालू आहे, थांबा. फोनवर माणसाला ते मोठ्याने वाचावं लागतं. मला एवढंच हवं असतं.

आणि मग काकांची गोष्ट आहे. नात्यातले नाहीत, मी काका म्हणते. निवृत्त हेडक्लार्क. जुन्या मासिकांची पानं स्कॅन करून ठेवलेली, त्यातला मजकूर त्यांना काढायचा होता. चित्रातली अक्षरं ओळखणारा टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम त्यासाठी चांगला. उबुंटूवर (काकांच्या मशीनवरची लिनक्स प्रणाली) 'सुडो एपीटी इन्स्टॉल' (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) आणि पुढे दोन नावं, टेसरॅक्ट-ओसीआर आणि टेसरॅक्ट-ओसीआर-मार. दुसरं राहिलं तर प्रोग्रॅम येतो, मराठी येत नाही. "मधे आडवी रेघ, स्पेस नाही" असं करत आम्ही ओळ पुरी केली. एंटर. पासवर्ड.

"अगं, कीबोर्ड गेला वाटतं. काहीच उमटत नाहीये."

उमटणार नाही, ठिपकेही दिसणार नाहीत, हे मी आधी सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि समोर रिकामी जागा बघणं वेगळं. पासवर्ड पडला. मग काका सावकाश वाचू लागले: तुमचं नाव सुडोअर्स फाईलमध्ये (सुडो वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) नाही. धिस इन्सिडन्ट विल बी रिपोर्टेड.

"कुणाला रिपोर्ट?"

"कुणालाही नाही हो काका."

"मग लिहिलंय कशाला?"

मी सांगत बसले. सुडो 1980 च्या सुमारास अमेरिकेत एका विद्यापीठात लिहिलं गेलं. तेव्हा एकाच यंत्रावर कितीतरी जण काम करत, आणि कोणी हक्क नसताना काही केलं तर ते यंत्र सांभाळणाऱ्याला कळायला हवं असायचं. घरच्या मशीनवर फार तर लॉगमध्ये एक ओळ पडते. सगळं खरं, आणि सगळं निरुपयोगी. जन्मभर मेमोंना खुलासे लिहिलेला माणूस तो. शेवटी म्हणाले, "मशीन माझंच ना? पैसे मी दिलेत." मशीन लावून दिलं होतं भाच्याने. ॲडमिनचं खातं स्वतःचं ठेवलं, काकांना साधं दिलं, "काही बिघडवतील" म्हणून. हे काकांना त्या क्षणी कळलं, तेही माझ्यादेखत. "राहू दे, पुन्हा कधीतरी," म्हणाले आणि फोन ठेवला. मग बरेच दिवस फोनच नाही.

भाच्याने मला तेव्हा हाच प्रश्न विचारला: रिमोट घेतलं असतं तर? काय झालं असतं? मलाही तोच मेसेज आला असता. पासवर्ड त्याच्याकडे होता!

कुरकुरत का होईना, त्याने काकांना सुडो गटात टाकलं. (माणसाचे गट बदलणाऱ्या युजरमॉड या आज्ञेला '-एजी' द्यायचं. त्यातला 'ए' विसरलात तर माणूस बाकीच्या गटांतून बाहेर फेकला जातो.) मग पुढचं पार पडलं. टेसरॅक्टला भाषा सांगणाऱ्या '-एल मार' मधला एल हा एल आहे, एक नाही, यावर बराच वेळ गेला. मजकूर निघाला. जोडाक्षरं काही ठिकाणी चुकलेली होती, ती त्यांनी स्वतः सुधारली.

आता रिमोटवाली जुनी मी विचारते: त्यांना मजकूर हवा होता, शिकायचं होतं कुठे? शिकवायची हौस तुझी. याला माझ्याकडे धड उत्तर नाही. पॅकेजेस अर्धवट अडकली असतील आणि माणूस रडकुंडीला आला असेल तर मीही गुपचूप रिमोट घेते. मग काकांनाच का ताणलं?

भाचा म्हणतो, "उद्या बिघडलं तर निस्तरायला मीच ना?" त्याचंही बरोबर आहे. सुडो मिळाल्यावर काकांनी मला न विचारता कुठलीशी रेपॉझिटरी (प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा साठा) जोडली, उबुंटूच्या भलत्याच आवृत्तीची. 'एपीटी अपडेट' दरवेळी 404, म्हणजे 'सापडलं नाही', देऊन रडायला लागलं. रेपॉझिटरींचे पत्ते असलेल्या सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी या फोल्डरमधली ती एक फाईल काढली की झालं. पण कुठली फाईल, हे काकांनीच एरर वाचून शोधलं, फोनवर. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "जोडलीच नसती तर शोधावी लागली असती का?"