वाचलेले पैसे दिसत नाहीत

"किती गं काटकसर करतेस तू, आम्हाला नाही बाई जमायचं असलं." ताई एवढंच म्हणाल्या, तेही हसत हसत, आणि लगेच लग्नातल्या साड्यांवर गेल्या. निमित्त काय, तर दुधाची पिशवी. पातेल्यात दूध ओतून झाल्यावर मी पिशवीत घोटभर पाणी घालून ती विसळली आणि ते पाणी चहाच्या आधणात घातलं. आई पण हेच करायच्या, मला त्यात कधी काही वेगळं वाटलंच नाही. पण ताई गेल्यापासून मन थाऱ्यावर नाहीये. त्यांनी कौतुक केलं का नावं ठेवली तेच कळेना, आणि कळलं तरी काय करणार होते म्हणा.

रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणे, "सोड ना, ताईचा स्वभाव माहितीये तुला." स्वभाव माहितीये हो. पण बोचलं ते ताईंचं बोलणं नाहीच बहुतेक. ह्यांचा पगार 1 तारखेला येतो, मेसेज वाजतो, घरात सगळ्यांना कळतं. मी वाचवते त्याचा मेसेज येत नाही.

2025 च्या 22 सप्टेंबरला जीएसटी कमी झाला, साबण, शांपू, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलं, तूप 12 वरून 5 वर, तेव्हा ह्यांनीच किराण्याचं बिल हातात घेऊन चिनूला दाखवलं होतं, बघ किती वाचले. मलाही आनंदच झाला, का होणार नाही. पण आमच्याकडे तूप विकत आणतंच कोण? साय रोज डब्यात जमा होते, डबा भरला की विरजण लावायचं, सकाळी घुसळायचं, लोणी दोन-तीन पाण्यांनी धुवायचं आणि मंद गॅसवर कढवत बसायचं, तिथून हलायचं नाही, कारण एक मिनिट इकडे-तिकडे झालं की करपलंच. शेवटी विड्याचं पान टाकलं की ते तडतडतं आणि सगळ्या घराला वास लागतो. ताकाची कढी होते, बेरी साखर घालून चिनू चाटूनपुसून खातो. बाहेर हेच तूप किलोला सहाशेच्या पुढे आहे. हे सहाशे कुठल्या बिलात छापून येतात?

गव्हाचंही तसंच. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे, ऊन दाखवायचं, निवडायचे, एरंडेल चोळून कोठीत भरायचे. पाठ मोडते अक्षरशः. आणि वर्षभर गिरणीतून आलेल्या ताज्या पिठाच्या पोळ्या खाताना कुणाच्या मनातही येत नाही की हे आपोआप होत नाही. लाईट बिलाचं तर विचारूच नका. 100 युनिटच्या वर गेलं की पुढच्या प्रत्येक युनिटला जवळपास दुप्पट दर, हे मी सगळ्यांना सांगून सांगून दमले, म्हणून तर मागे लागून हॉलचा जुना 75 वॅटचा पंखा काढून 30 वॅटवाला लावला. वारा तेवढाच. आता सगळे म्हणतात बिल कमी आलं. बिल काय स्वतःहून कमी येतं का?

रडू यायला लागलं खरं तर. काल दुपारी कुणी नव्हतं घरात, कपाटातली हिशेबाची वही काढून बसले. आधी नुसतीच पानं उलटली. दूध, भाजी, गिरणी, इस्त्री, सिलेंडर. मग आईंच्या मोतीबिंदूचं पान आलं. माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती, कुणाकडे हात पसरावा लागला नाही. तेव्हा कोण किती वेळा भेटायला आलं ते जाऊ दे. पुढे चिनूच्या क्लासची फी, एकरकमी भरली म्हणून सूट मिळाली होती. माझ्याच अक्षरात आहे सगळं. वाचता वाचता जरा शांत वाटलं. ताईंना नाही जमत तर नाही जमत, त्यांच्याकडे दोन पगार आहेत आणि वेळ अजिबात नाही, त्यांनी तूप कढवत बसावं असं मीही म्हणणार नाही. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल. पिशवी मात्र मी विसळणार, कुणासमोरही.

एक गोष्ट मात्र ठरवली. पोस्टातली 5 वर्षांची आरडी आता संपतीये. हप्ते सगळे घरखर्चातून उरलेल्या पैशांचे, पण खातं ह्यांच्या नावावर, कारण तेव्हा फॉर्म भरायला हे गेले होते, बाकी काही नाही. या वेळी हप्ता वाढवायचा आणि नवीन खातं माझ्या नावावर काढायचं. ह्यांना आज चहा घेताना सांगितलं. म्हणाले, "अगं, मग आधार आणि फोटो काढून ठेव, सोमवारी जाऊ." फोटो जुनाच होता, पाकिटात घालून ठेवलाय.