क्लच नसलेली गाडी

गाडी चालवायला शिकणाऱ्याची खरी परीक्षा मैदानात नव्हे, चढावर होते. घाटात वाहनांची रांग थांबलेली असते, मागचा हॉर्न वाजवत असतो, आणि डावा पाय क्लचवरून अर्धा उचलून, उजवा पाय ब्रेकवरून काढून घेताना, गाडी मागे घरंगळेल की जागीच बंद पडेल याचा अंदाज आपण घेत असतो. पुढे हा खटाटोप अंगवळणी पडतो. इतका, की क्लच हा मोटारीचा जन्मजात अवयव आहे असेच आपण धरून चालतो. वास्तविक तो एका वैगुण्यावरचा इलाज आहे.

पेट्रोलचे किंवा डिझेलचे इंजिन उभ्या जागी निर्बल असते. आधी कोणीतरी त्याला फिरवावे लागते, मग ते स्वतःहून फिरू लागते, आणि बऱ्यापैकी वेगाने फिरत राहिले तरच त्याच्या अंगात जोर येतो. म्हणून गाडी थांबली तरी इंजिन चालू ठेवायचे, चाकांशी असलेला त्याचा संबंध तोडायचा, निघताना तो हळूहळू जुळवायचा, आणि वेग वाढेल तसे दात्यांचे निरनिराळे संच मध्ये घालायचे, असा प्रपंच मांडावा लागतो. वाफेच्या गाडीला यातले काहीच करावे लागत नसे. तिची ताकद इंजिनाच्या फिरण्यातून निर्माण होत नव्हती. ती बॉयलरमध्ये आधीच साठवून ठेवलेली असे. झडप उघडली की वाफ दट्ट्यावर (पिस्टनवर) दाबली जाई, आणि चाक एक इंचही हललेले नसताना हा दाब पुरेपूर असे. चढावर उभी असलेली वाफेची गाडी म्हणूनच न कुरकुरता निघे.

जुन्या यंत्रांची छेदचित्रे पाहत बसण्याचा मला नाद आहे, आणि सुरुवातीच्या वाफेच्या गाड्यांची चित्रे पाहताना जाणवते ते हे, की त्यांच्या कर्त्यांना चाक कसे फिरवावे यापेक्षा आग आणि पाणी ठेवावे कुठे या प्रश्नाने अधिक छळले होते. फ्रेंच सैन्यातला अभियंता निकोला-जोझेफ क्युन्यो याने १७७० च्या सुमारास तोफा ओढण्यासाठी केलेली तीनचाकी गाडी पॅरिसच्या आर्ट्स ए मेटिये संग्रहालयात आजही उभी आहे. तिचा भलामोठा बॉयलर पुढच्या एकुलत्या चाकाच्याही पुढे टांगलेला आहे, आणि दोन सिलिंडरांचे दट्टे खाचांच्या चाकाला आळीपाळीने ढकलून तेच पुढचे चाक फिरवतात. म्हणजे ज्या चाकाने वळायचे, त्यानेच ओढायचे आणि त्यानेच बॉयलरचा भारही वाहायचा. तिला वळवणाऱ्याच्या दंडांची कल्पना केली तरी धडकी भरते. शिवाय दर पंधरा मिनिटांनी वाफ संपे आणि पुन्हा दाब चढेपर्यंत थांबावे लागे. तरीही, केवळ दाबाने मागेपुढे होणाऱ्या दट्ट्यातून चाकाची फेरी निर्माण करून रस्त्यावर ओझे हलवता येते, हे तिने दाखवून दिले.

शंभर वर्षांनंतर फ्रान्समधल्याच ल मां गावी, घंटा ओतण्याचा पिढीजात धंदा असलेल्या आमेदे बोले याने १८७३ साली बारा माणसांची ‘लोबेइसांत’, म्हणजे ‘आज्ञाधारक’, ही गाडी केली, तेव्हा त्याने मागच्या दोन चाकांना दोन स्वतंत्र इंजिने जोडली आणि पुढची चाके आपापल्या खुंटीभोवती वळतील अशी व्यवस्था केली. त्याच्याच १८७८ सालच्या ‘ला मांसेल’मध्ये इंजिन पुढे झाकणाखाली आले आणि त्याची शक्ती लांब दांड्याने मागे जाऊ लागली. पुढे कित्येक दशके जगभरच्या मोटारींत जी मांडणी रूढ झाली, तिचा आराखडा असा एका वाफेच्या गाडीत दिसतो. बॉयलर मात्र मागेच राहिला, आणि त्याच्यापाशी आग राखणारा एक वेगळा माणूसही. एकाने रस्ता पाहायचा आणि दुसऱ्याने भट्टी, अशी ही दोघांची नोकरी होती. गाडी घरगुती व्हायची तर हा दुसरा माणूस नाहीसा व्हायला हवा होता.

तो नाहीसा करण्याचे काम ज्यांनी सर्वांत सुबकपणे केले, ते अमेरिकेतले स्टॅन्ली बंधू. फ्रान्सिस आणि फ्रीलन हे जुळे भाऊ १८४९ साली मेन राज्यातल्या किंगफील्ड येथे जन्मले. छायाचित्रणाच्या कोरड्या काचा बनवण्याच्या उद्योगात त्यांनी पैसा मिळवला होता आणि मोटारीकडे ते आले ते हौशी म्हणून. १८९७ साली त्यांनी पहिली गाडी केली. दोन वर्षांत तिचे हक्क अडीच लाख डॉलरना विकले, आणि ‘लोकोमोबील’ या नावाने ती खपू लागली. नंतर त्यांनी नव्या रचनेची गाडी घेऊन पुन्हा धंदा सुरू केला. मला त्यांच्या गाडीतले सगळ्यांत आवडते अंग म्हणजे बॉयलर.

ज्यांच्या न्हाणीघरात पूर्वी तांब्याचा बंब असे, त्यांना तो समजायला वेळ लागणार नाही. बंबाच्या मधोमध एक उभी नळी, तिच्या तळाशी जाळीवर निखारे आणि नळीभोवती पाणी. स्टॅन्लींनी त्या एका नळीऐवजी बोटाएवढ्या जाडीच्या शेकडो नळ्या उभ्या बसवल्या आणि खाली निखाऱ्यांऐवजी पेट्रोलच्या, पुढे केरोसीनच्या, वाफेवर जळणारी चपटी शेगडी ठेवली. ज्वाळेचा ताप शेकडो वाटांनी वर जाई आणि तेवढ्याच ठिकाणी पाण्याला भिडे, त्यामुळे जेमतेम दोन फूट व्यासाच्या पिंपात मोटारीला पुरेल इतकी वाफ तयार होई. वाफेचा दाब मोठ्या गाड्यांत चौरस इंचाला पाचशे-सहाशे पौंडांपर्यंत जाई. आपण टायरमध्ये भरतो ती हवा तीस-पस्तीस पौंडांची असते. एवढा दाब सोसण्यासाठी पिंपाचा पत्रा जाड केला असता तर गाडी जडशीळ झाली असती. स्टॅन्लींनी पत्रा पातळच ठेवला आणि त्याच्याभोवती पियानोत वापरतात ती पोलादी तार, थरावर थर देऊन, घट्ट गुंडाळली. त्यात दुसरी एक खुबी अशी होती, की पाणी कमी पडून बॉयलर तापला तर आधी नळ्यांचे तळाकडचे सांधे सैल होत, त्यातून वाफ गळू लागे आणि आग विझे. बिघाड व्हायचाच तर तो कसा व्हावा, हे त्यांनी आधी ठरवून ठेवले होते, आणि माझ्या मते चांगल्या यंत्रकाराची ओळख इथेच पटते.

इंजिन तर इतके साधे, की चित्रात ते शोधावे लागते. दोनच सिलिंडर, आडवे, मागच्या आसाला थेट दात्यांनी जोडलेले. वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलत असल्यामुळे एका फेरीत चार रेटे मिळत. पेट्रोलच्या चौधावी (फोर-स्ट्रोक) इंजिनात एका सिलिंडरातून दोन फेऱ्यांत एकच रेटा मिळतो, म्हणून एका फेरीला चार रेटे हवे असतील तर आठ सिलिंडर लागतात. दट्ट्यांच्या मागेपुढे होण्याची फेरी करणारे दोन्ही क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवलेले असल्यामुळे एक दट्टा टोकाला अडला तरी दुसरा मध्यावर असे, म्हणून गाडी कुठल्याही स्थितीत थांबलेली असली तरी निघू शके. आसाशी असलेली ही जवळीक इतकी, की ताशी साठ किलोमीटर वेगातही इंजिन मिनिटाला हजार फेऱ्या घेत नसे. पायाखालच्या पट्टीने झडपांची वेळ बदलता येई: निघताना दट्ट्याच्या प्रवासभर वाफ आत सोडायची, वेग आल्यावर ती लवकर तोडायची आणि आत कोंडलेल्या वाफेला आपल्या प्रसरणाने उरलेले काम करू द्यायचे. तीच पट्टी पुरती दाबली की इंजिन उलटे फिरे, त्यामुळे मागे जाण्यासाठीही वेगळे दाते नकोत. सुकाणूच्या चाकाखाली वाफेची एक दांडी, तेवढेच चालकाच्या हाती.

१८९९ च्या ऑगस्टअखेरीस फ्रीलन स्टॅन्ली आपली पत्नी फ्लोरा हिला शेजारी बसवून न्यू हॅम्पशरमधल्या माउंट वॉशिंग्टनच्या ६,२८८ फूट उंच शिखरावर गेला. घोड्याच्या गाड्यांसाठी केलेली, साडेसात मैलांहून थोडी अधिक लांबीची ती अखंड चढाची वाट होती, आणि तिला त्यांना दोन तास दहा मिनिटे लागली. २६ जानेवारी १९०६ रोजी फ्लोरिडातल्या ऑर्मंड बीचच्या वाळूवर फ्रेड मॅरियट याने स्टॅन्लींच्या खास शर्यतीच्या गाडीतून ताशी १२७ मैलांहून अधिक वेग गाठला. वाफेवर चालणाऱ्या गाडीचा तो विक्रम २००९ पर्यंत अधिकृतरीत्या कोणाला मोडता आला नाही.

मग हे सगळे गेले कुठे? पेट्रोल कंपन्यांनी वाफेची गाडी कारस्थान करून संपवली अशी एक कथा हौशी मंडळींत ऐकू येते. मला ती पटत नाही, कारण या गाड्याही जाळत होत्या ते पेट्रोल नाहीतर केरोसीनच. खरे कारण गाडी निघण्याआधीच्या अर्ध्या तासात आहे. गार पडलेली स्टॅन्ली गाडी बाहेर काढायची तर आधी पाण्याची पातळी पाहायची, इंधनाच्या टाकीत हातपंपाने हवेचा दाब भरायचा, लहान ज्योतीचे तोंड टॉर्चने तापवायचे, ती पेटली की मोठी शेगडी पेटवायची आणि वीस-पंचवीस मिनिटे काट्याकडे पाहत बसायचे. दाब चढला तरी लगेच सुटायचे नाही, कारण थंड सिलिंडरात शिरलेल्या वाफेचे पाणी होते, आणि ते बाहेर पडेपर्यंत गाडी हळूहळू मागेपुढे करावी लागे. रोज सकाळी जाणारे लोक लहान ज्योत रात्रभर तेवत ठेवत. क्लच आणि गिअर गाडीतून गेले होते. त्यांच्या वाट्याची कटकट गाडी निघण्याआधी उरकावी लागत होती, एवढाच फरक.

प्रवासातही पाणी विसरून चालत नसे. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०१ च्या नाताळात इंग्लंडमधल्या कॅम्बोर्न येथे चढावर माणसे वाहून नेणारी वाफेची गाडी चालवून दाखवली, आणि थोड्याच दिवसांत ती बिघडल्यावर एका छपराखाली लावून मंडळी खाणावळीत भाजलेल्या हंसावर ताव मारायला गेली. खाली आग तशीच होती. पाणी आटले, लोखंड लाल झाले आणि जळण्याजोगे जे जे होते ते जळून गेले. स्टॅन्लींच्या गाडीत पाण्याचा पंप इंजिनावरच चाले, पण बॉयलरमध्ये पाणी सोडायचे की टाकीत परत पाठवायचे हे बरीच वर्षे चालकच ठरवी, त्यामुळे पाणी दाखवणाऱ्या काचनळीवर त्याला सतत नजर ठेवावी लागे. आग राखणारा दुसरा माणूस गेला खरा, पण त्याचे काम पहिल्याकडे आले. वापरलेली वाफ हवेत सोडून दिली जात असल्यामुळे साधारण मैलाला गॅलनभर पाणी लागे, आणि ते वाटेवरच्या, घोड्यांना पाणी पाजण्याच्या हौदांतून रबरी नळीने ओढून घेण्याची रीत होती. १९१४ साली अमेरिकेत जनावरांमध्ये लाळ-खुरकूत पसरली, आणि रोग पसरू नये म्हणून ठिकठिकाणचे हे हौद बंद झाले. पुढच्याच वर्षी स्टॅन्लींनी वाफ गार करून पुन्हा पाणी करणारे कंडेन्सर बसवले. त्याने पाणी वाचले, पण सिलिंडरांतले वंगण त्या पाण्याबरोबर बॉयलरमध्ये शिरू लागले, आणि एक नवीच डोकेदुखी सुरू झाली.

याच सुमारास पलीकडच्या पेट्रोलच्या गाडीची सर्वांत त्रासाची गोष्ट नाहीशी झाली होती. पुढे उभे राहून हँडल मारण्याचे, आणि ते उलटे बसून मनगट मोडून घेण्याचे दिवस, चार्ल्स केटरिंगचा विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आल्यावर संपू लागले. बटण दाबून निघता येत असेल तर क्लच शिकायला लोक तयार होते. १९२४ साली स्टॅन्ली गाड्यांचे उत्पादन थांबले. कॅलिफोर्नियातल्या अब्नर डोबलने त्याच दशकात किल्ली फिरवताच विजेच्या ठिणगीने आग पेटणारी, विजेच्या पंख्याने ती फुलणारी आणि दीड मिनिटाच्या आत निघणारी वाफेची गाडी करून दाखवली. ती अप्रतिम होती, राजेशाही किमतीची होती, आणि पन्नासही झाल्या नाहीत.

आता विजेवरच्या गाड्या रस्त्यावर आल्या आहेत आणि त्यांना क्लच नाही. उभ्या जागी पूर्ण जोर लावणारी मोटर थेट चाकाशी जोडलेली आहे. घाटातल्या रांगेत त्या स्टॅन्लीसारख्याच निघतात. त्यांची वीज आपल्याकडे बरीचशी चंद्रपूर, कोराडी, परळी येथे कोळसा जाळून, पाण्याची वाफ करून तयार होते, म्हणजे आग, पाणी आणि पातळी पाहणारा माणूस हे सगळे अजून आहे, फक्त गाडीपासून काहीशे किलोमीटर दूर ठेवले आहे. तिथला एखादा मोठा संच पूर्ण थंड पडला तर तो पुन्हा तापवून वीज देऊ लागायला मात्र कित्येक तास जातात. त्या हिशेबाने स्टॅन्लीची वीस-पंचवीस मिनिटे काहीच नव्हेत.