पंचविसाव्या जागेचा एक गुण

नोव्हेंबर ते मार्च या काळात सोमवारी दुपारी आमच्या ऑफिसच्या पँट्रीत मायक्रोवेव्हसमोर जी रांग लागते, त्यातली निम्मी माणसे डबा गरम करायला आलेली असतात आणि निम्मी फ्रिजच्या दारावरचा कागद वाचायला. कागदावर पंचवीस नावे असतात. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दर सोमवारी जाहीर केलेली ती अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या पुरुष संघांची क्रमवारी. आमचा एक सहकारी ती छापून चुंबकाने अडकवतो. तो चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकलेला असल्यामुळे आपल्या विद्यापीठाच्या नावाखाली आकाशी पेनने रेघ ओढतो, आणि पोळी गरम होऊन माझा डबा बाहेर येईपर्यंत शेजारच्या ड्यूक विद्यापीठाचा कुणीतरी येऊन आपल्या नावाखाली गडद निळी रेघ ओढून गेलेला असतो.

मी केरीला राहतो, आणि नोकरी करतो ती रॅली, डरहॅम आणि चॅपल हिल या तीन गावांच्या मधल्या रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये. येथे आलेला मराठी माणूस पहिली एकदोन वर्षे बास्केटबॉलकडे दुर्लक्ष करू शकतो, त्याहून जास्त नाही. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन विद्यापीठांत रस्त्याने जेमतेम दहा मैलांचे अंतर आहे, आणि दोघांचाही रंग निळाच, फक्त एकाचा गडद आणि दुसऱ्याचा आकाशी. भाऊबंदकीला अंतर जितके कमी तितका जोर जास्त, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. रॅलीचे नॉर्थ कॅरोलायना स्टेट हे तिसरे घर. त्यांचा रंग लाल, आणि त्यांची तक्रार अशी, की या दोघांच्या भांडणात आमच्याकडे कोणी बघतच नाही. ती तक्रार खरीही आहे. त्यामुळे फ्रिजवरचा कागद हा आमच्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा वाचला जातो: कोणाचे नाव वर चढले, कोणाचे उतरले आणि कोणाचे गायबच झाले.

मला सुरुवातीला या प्रकाराचे नवल वाटले ते वेगळ्याच कारणाने. आमच्या लहानपणी दहावी-बारावीचा निकाल लागला, की गुणवत्ता यादी वर्तमानपत्रात छापून येई, आणि ‘बोर्डात आलेल्या’ मुलाचा पेढा खातानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर असे. पण ती यादी परीक्षा संपल्यावर, पेपर तपासून झाल्यावर लागत असे. इथे परीक्षा चालू असतानाच दर सोमवारी यादी लागते, इतकेच काय, ऑक्टोबरमध्ये पहिला पेपर सुरू होण्यापूर्वीच एक यादी लागून गेलेली असते, आणि तिच्यात पहिल्या आलेल्याच्या घरी पेढेही वाटून झालेले असतात.

यादी तयार करण्याची पद्धत अगदी साधी आहे. देशभरातले साठेक क्रीडा पत्रकार आणि समालोचक आपापली पंचवीस नावे क्रमाने लिहून पाठवतात. ज्याला पहिला क्रमांक दिला त्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असे करत पंचविसाव्याला १ गुण मिळतो, आणि सगळ्या मतपत्रिकांची बेरीज केली, की क्रमवारी तयार. ज्यांना पहिल्या क्रमांकाची मते मिळाली, त्यांच्या नावापुढे कंसात तो आकडा येतो. पहिल्या श्रेणीत खेळणारे संघ साडेतीनशेहून अधिक आहेत, त्यामुळे एका आठवड्यात त्या सगळ्यांचे सामने पाहणे कोणत्याही माणसाला शक्य नाही. मतदार जे पाहतात ते पाहतात, उरलेल्याचे निकाल वाचतात आणि त्याच्यापुढे जे उरते ते अंदाजाने भरतात.

आणि या क्रमवारीवर अधिकृतपणे काहीही अवलंबून नाही. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत कोणाला घ्यायचे आणि कोणाला कितवे मानांकन द्यायचे, हे एक निवड समिती ठरवते, आणि तिच्यासमोर २०१८-१९ च्या हंगामापासून नेट नावाचे गणिती मोजमाप असते, जे सामना कोणाशी झाला आणि कोठे झाला हे लक्षात घेते. प्रतिस्पर्धी पहिल्या तिसांतला असेल तर त्याला घरच्या मैदानावर हरवणे जेवढ्या मोलाचे, तेवढ्याच मोलाचे पहिल्या पंचाहत्तरांतल्या संघाला त्याच्या घरी जाऊन हरवणे. पत्रकारांची क्रमवारी या हिशेबात कोठेच बसत नाही. तरीही सामना दूरदर्शनवर लागला, की संघाच्या नावाआधी जो बारीकसा आकडा दिसतो तो याच क्रमवारीचा, आणि तो आकडा असलेल्या संघाला आकडा नसलेल्याने हरवले, की विद्यार्थी कठडे ओलांडून मैदानावर धावत येतात तेही त्याच आकड्यापायी. आकडा नसता, तर तो बुधवार रात्रीचा एक साधा सामना असता.

बास्केटबॉलची ही क्रमवारी १९४९ च्या जानेवारीत सुरू झाली आणि पहिला मान सेंट लुईस विद्यापीठाला मिळाला. फुटबॉलची क्रमवारी त्याच संस्थेने १९३६ पासून चालवलेली होती, आणि दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत वाचकांना वाद घालायला काहीतरी देणे हा तिचा एक उघड हेतू होता. सुरुवातीला वीस संघ असत, साठच्या दशकात बराच काळ फक्त दहा, आणि १९८९-९० पासून पंचवीस. दहांची यादी जास्त कठोर आणि म्हणून जास्त प्रामाणिक असणार, असे मला नेहमी वाटते. परंतु ‘आम्ही तेविसावे आहोत’ असे छाती फुगवून सांगण्याचे सुख त्या यादीत कोणालाच मिळाले नसते.

जुन्या गोष्टींपैकी माझी आवडती गोष्ट १९७४ ची आहे. प्रशिक्षक जॉन वुडन यांचा यूसीएलए (कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजेलिस) संघ ओळीने ८८ सामने जिंकून १९ जानेवारीला नॉत्र दाम विद्यापीठाच्या गावी, साउथ बेंडला, गेला. तो पहिला आणि नॉत्र दाम दुसरा. शेवटची साडेतीन मिनिटे उरली असताना यूसीएलए ११ गुणांनी पुढे होता. यानंतर नॉत्र दामने ओळीने १२ गुण केले, बिल वॉल्टनसारखा त्यांचा सर्वात मोठा खेळाडू मैदानावर असूनही यूसीएलएला एकही गुण मिळाला नाही, आणि सामना ७१-७० असा संपला. साहजिकच त्यानंतरच्या क्रमवारीत नॉत्र दाम पहिला झाला. पण पुढच्याच शनिवारी हेच दोन संघ लॉस एंजेलिसला पुन्हा भेटले, यूसीएलएने ९४-७५ असा सामना जिंकला आणि पहिली जागा परत नेली. नॉत्र दामचे ते राज्य आठवडाभराचे. मात्र त्या एका आठवड्यात साउथ बेंडमधल्या कोणत्यातरी न्हाव्याच्या दुकानात ती यादी आरशाजवळ चिकटवलेली असणार आणि पुढचे कित्येक सोमवार कोणी काढली नसणार, याविषयी माझी पक्की खात्री आहे.

आमच्या फ्रिजनेही एक मोठे पतन पाहिले आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये नॉर्थ कॅरोलायना अंतिम सामन्यात कॅन्ससकडून तीन गुणांनी हरला होता, त्याआधी उपांत्य सामन्यात त्याने ड्यूकला हरवून त्यांचे प्रशिक्षक माईक शशेफ्स्की यांच्या कारकिर्दीवर पडदा टाकला होता, आणि त्या संघातले बरेचसे खेळाडू परत येणार होते. म्हणून ऑक्टोबरच्या यादीत तो पहिला आला. माझ्या सहकाऱ्याने त्या नावाखाली एक सोडून तीन रेघा ओढल्या. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संघ आयोवा स्टेटकडून हरला, मग अलाबामाकडून चार जादा डावांनंतर १०३-१०१ असा हरला, आणि सोमवारी पहिल्यावरून एकदम अठराव्या जागेवर आला. त्यापुढच्या सोमवारी यादीत नावच नव्हते. त्या दिवशी कागद नेहमीप्रमाणे लागला खरा, पण त्यावर आकाशी रेघ नव्हती, आणि ती नसणे सगळ्यांच्या आधी ड्यूकवाल्यांनी टिपले. मार्चमध्ये संघाला राष्ट्रीय स्पर्धेचे निमंत्रणही आले नाही. १९८५ साली स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून हंगामापूर्वी पहिला असलेला संघ असा बाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ होती. माझा सहकारी नंतर एकदा म्हणाला, की मुलांनी काही वाईट केले नाही, पत्रकारांनीच त्यांना चुकीच्या जागी नेऊन ठेवले. मला त्याचे म्हणणे पटले नाही, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मी मान डोलावली.

पत्रकारांवर टीका करणे सोपे आहे हे ध्यानात आल्यावर मी गेल्या हंगामात स्वतः मतपत्रिका भरायचे ठरवले. रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत, आखलेल्या वहीत एक ते पंचवीस आकडे लिहून बसलो. पहिली पाच नावे दोन मिनिटांत झाली. दहापर्यंत थोडी खाडाखोड झाली. पंधराच्या पुढे गेलो आणि लक्षात आले, की सोळावा आणि चोविसावा यांच्यात फरक काय हे मला सांगता येत नाही, कारण त्यातल्या निम्म्या संघांना मी त्या हंगामात एकदाही खेळताना पाहिलेले नव्हते. तेव्हा मी जे केले ते कबूल करायला हवे. मी मागच्या सोमवारची यादी समोर ओढली. हरलेल्यांना चार-चार जागा खाली सरकवले, जिंकलेल्यांना आपोआप वर येऊ दिले, आणि जे दोन संघ पार कोसळले होते त्यांच्या जागी दोन नवे घेतले. काम अर्ध्या तासात झाले. दुसऱ्या दिवशी फ्रिजवरची खरी यादी पाहिली तर माझी तिच्याशी लाजिरवाणी वाटावी इतकी जुळत होती. म्हणजे तिकडचे साठ जण आणि इकडचा मी, आम्ही सगळे मागच्या आठवड्याचीच नक्कल करत होतो, आणि मागच्या आठवड्याने त्याच्या मागच्या आठवड्याची केली होती. अशा रीतीने ऑक्टोबरचा एक अंदाज, एकही चेंडू उडण्यापूर्वी बांधलेला, फेब्रुवारीपर्यंत कसा तग धरून राहतो, ते मला माझ्याच वहीत दिसले. जो संघ वर सुरू करतो तो हरल्यावर चार जागा घसरतो. जो यादीबाहेर सुरू करतो त्याला तीच चार पावले चढायला महिना लागतो.

यावर उपाय म्हणून आमच्या खात्यातले तरुण मला केन पॉमरॉय यांची क्रमवारी दाखवतात. हे गृहस्थ मूळचे हवामानशास्त्रज्ञ. त्यांची पद्धत संघाने जिंकले की हरले एवढेच विचारत नाही. चेंडूचा ताबा शंभर वेळा मिळाला तर संघ किती गुण करील आणि किती देईल, हे ती प्रतिस्पर्ध्याची ताकद जमेस धरून काढते. तिला जुन्या कीर्तीचा लोभ नाही आणि कोणाच्या शाळेचा अभिमान नाही. ती बहुधा पत्रकारांपेक्षा बरोबरही असते. पण तिच्याशी भांडता येत नाही, ही माझ्या मते तिची मोठी उणीव आहे. दशांश चिन्हापुढे दोन आकडे असलेल्या संख्येला ‘तुला काही कळत नाही’ असे म्हणून काय समाधान मिळणार? पत्रकारांच्या मतपत्रिका जाहीर होतात, कोणी कोणाला कितवे ठेवले ते नावानिशी कळते, आणि मंगळवारची दुपारही सत्कारणी लागते.

या यादीला निर्णायक शब्द उच्चारण्याची संधी एकदाच, नको त्या कारणाने, मिळाली. २०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. क्रमवारी मात्र निघाली, आणि तिच्यात कॅन्सस पहिला होता. ऑफिस बंद होते, फ्रिजवर आदल्या आठवड्याचाच कागद होता, तो पुढे दीड वर्ष तसाच राहिला, आणि आम्ही परत आलो तेव्हा त्याच्या कडा पिवळ्या पडून वळल्या होत्या. त्या साली विजेता कोणीच नाही. कॅन्ससच्या नावापुढे एकचा आकडा आहे, परंतु त्या आकड्याला करंडक म्हणायला कोणी धजावले नाही, आणि ते योग्यच होते.

अलीकडे मी यादी खालून वाचतो. पंचवीस नावांखाली बारीक अक्षरांत एक परिच्छेद असतो: मते मिळालेले इतर संघ. त्यात नावे आणि गुण सलग लिहिलेले असतात, मोठ्या आकड्यांकडून लहान आकड्यांकडे, आणि अगदी शेवटी एखाद्या अशा विद्यापीठाचे नाव येते, की ते कोणत्या राज्यात आहे ते नकाशात पाहावे लागते, आणि त्यापुढे १ लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा, की साठ जणांपैकी कोणातरी एकाने, मागच्या आठवड्याची यादी समोर असताना आणि ती उतरवून मोकळे होणे सहज शक्य असताना, आपल्या शेवटच्या ओळीत एक नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिले. बहुधा तो एखाद्या गुरुवारी रात्री एका लहानशा क्रीडागृहात, लाकडी बाकांवर बसून तो सामना पाहून आला असेल. पुढच्या सोमवारी तो १ बहुतेक वेळा दिसत नाही.

माझ्या वहीतली पंचविसावी जागा मी आता तशीच राखून ठेवतो. परवा तेथे लिहिलेले नाव पाहून बायकोने विचारले, हे कोण? मी म्हटले, मलाही नीट माहीत नाही, पण शुक्रवारी यांचा सामना पाहिला आणि यांच्या बुटक्या मुलाने मधल्या रेषेपासून टाकलेला चेंडू आत गेला. ती म्हणाली, मग यांना चोविसावे कर की. मी खोडरबर शोधायला उठलो.