तुम्ही विचारलंत म्हणून: येतंय की सगळं, मग शिकायला कशाला जाता?

दर खेपेला हेच होतं. टॅटिंगचा मेळावा ठरतो, मी कापडी पिशवीत दोऱ्याच्या गुंड्या, शटलं आणि छोटी कात्री भरायला घेते, आणि शेजारच्या वहिनी दारातूनच विचारतात, "ताई, तुम्हाला तर सगळं येतंय की. मग परत शिकायला कशाला जाताय?" भाचीचा प्रश्न जरा निराळा असतो. "मावशी, मोबाईलवर पाहिजे तो व्हिडिओ आहे. थांबवून, मागं नेऊन दहादा बघता येतो. राजारामपुरीत जाऊन दिवसभर बसून काय वेगळं मिळतं?" आजवर मी दोघींना पिशवी भरता भरता काहीतरी उत्तर दिलं. आज नीट देते, कारण गेल्या मेळाव्यात ते उत्तर माझ्या हाताला सापडलं.

ज्यांनी टॅटिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ही गाठींची लेस. क्रोशाची सुई लागलीच तर जोडापुरती. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा वेढा, उजव्या हातात दोरा गुंडाळलेलं बोटभर लांबीचं शटल, आणि त्या वेढ्यावर एकापुढे एक गाठी. गाठी झाल्या की शटलचा दोरा ओढायचा. वेढा आवळत येतो आणि रिंग मिटते. दोन गाठींच्या मध्ये जागा सोडली तर गाठी सरकवल्यावर तिथं बारीक कमान उभी राहते, ती पिको. साडीला आपण पिको करून घेतो, त्या शब्दाचं मूळ लेसच्या या कमानीतच आहे. रिंगा, त्यांना जोडणाऱ्या चेनी आणि पिको, एवढ्यावर रुमालाच्या कडेपासून रुखवतातल्या टेबलक्लॉथपर्यंत सगळं होतं.

मला हे आत्यानं शिकवलं, मंगळवार पेठेतल्या घराच्या माडीवर, मी सातवीत असताना. ती शटलला 'होडी' म्हणायची, दोन्ही टोकांना निमुळतं म्हणून. पुढं कितीतरी वर्षांनी कळलं की जर्मन लोक या कामाला 'शिफ्शेनआर्बाइट' म्हणतात, म्हणजे छोट्या होडीचं काम. आत्याला हे कुठून ठाऊक असणार? तिनं जे दिसलं ते नाव ठेवलं. इटालियन भाषेतलं नाव, 'कियाक्किएरीनो', गप्पा मारण्यावरून आलेलं आहे, आणि मेळाव्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं की ते पटतं. फ्रेंचांनी मात्र 'फ्रिवोलिते' म्हणून याला किरकोळ, हलक्याफुलक्या गोष्टींत जमा केलं. ते नाव मला कधीच आवडलं नाही. ४० नंबरच्या दोऱ्यात एका रुमालाची चारी बाजूंची कड करायला माझ्या पंधरा-वीस संध्याकाळी जातात. त्यात किरकोळ काय आहे?

आत्यानं मला पहिले आठ दिवस एकच गोष्ट करायला लावली होती: गाठ पलटणं. टॅटिंगचं सगळं मर्म इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. शटल वेढ्याच्या खालून नेऊन वरून परत आणलं की शटलचा दोरा वेढ्याभोवती गुंडाळला जातो. तो तसाच राहिला तर गाठ तिथंच बसते आणि रिंग कधीच मिटत नाही. म्हणून त्या क्षणी डाव्या हाताचं मधलं बोट सैल सोडायचं आणि शटलचा दोरा ताठ ओढायचा. मग गाठ टुणकन पलटते. आता वेढ्याचा दोरा शटलच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेला असतो, शटलचा दोरा आतून सरळ, मोकळा. ही अर्धी गाठ. उरलेली अर्धी उलट दिशेनं, वरून नेऊन खालून आणायची, आणि पुन्हा पलटायची. दोन्ही मिळून एक पूर्ण गाठ. आत्या दोन रंगांचे दोरे द्यायची, पांढरा वेढ्याला आणि लाल शटलला. गाठीवर लाल दिसलं की चुकलं, पांढरं दिसलं की बरोबर. पण लाल का दिसतंय हे ती तोंडानं सांगत नसे. माझं मधलं बोट स्वतःच्या चिमटीत धरून खाली दाबायची. "सोड. हं, आता उचल."

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात रिएगो द ला ब्रँशार्दिएर नावाच्या बाईंनी टॅटिंगचे नमुने छापून घरोघरी पोचवले. १८८६ मध्ये तेरेझ द दिल्माँ यांचा हस्तकलेचा ज्ञानकोश निघाला, त्यात टॅटिंगवर अख्खं प्रकरण आहे. मला त्यातली चित्रं फार आवडतात, कारण तिथं नुसती लेस काढलेली नाही, हात काढलेले आहेत. कुठलं बोट कुठं, दोरा कुठून कुठं. त्या काळच्या बाईलाही कळलं होतं की नुसत्या वर्णनानं हे भागायचं नाही. आजचा व्हिडिओ म्हणजे तेच चित्र, हलणारं. दोरा कुठून कुठं गेला हे दोन्हींत दिसतं. किती ताठ आहे, हे दोन्हींत दिसत नाही.

आता गेल्या मेळाव्याचं सांगते. एका शाळेचा हॉल, सतरंज्या आणि खिडकीशी चार खुर्च्या वयस्कर बायकांसाठी. पंचवीस-एक जणी होतो, आणि गडहिंग्लजहून आलेला कॉलेजचा एक मुलगा. जयसिंगपूरच्या ताईंनी भडंगाचा डबा आणला होता, पण दाराशी नियम ठरलेला: भडंग खाल्लं की साबणानं हात धुतल्याशिवाय दोऱ्याला शिवायचं नाही. पांढऱ्या लेसवर तेलाचा आणि हळदीचा एक ठिपका पडला तर महिन्याची मेहनत जाते.

शिकायचा विषय होता स्प्लिट रिंग. साधी रिंग जिथं सुरू होते तिथंच मिटते, दोरे बुडाशीच राहतात. पुढच्या ओळीत चढायचं तर दोरा कापा, नवा बांधा, टोकं लपवा. आणि धुण्यात पहिली सुटतात ती हीच टोकं. स्प्लिट रिंगेत अर्धी रिंग एका शटलनं करायची आणि उरलेली अर्धी दुसऱ्या शटलनं, दुसऱ्या बाजूनं. मिटताना दोन्ही दोरे रिंगेच्या डोक्यावर येतात आणि तिथूनच पुढची ओळ धरता येते. दोरा न कापता वर चढत जायची ही वाट मला फार वर्षांपासून हवी होती.

पण या दुसऱ्या अर्ध्या भागात गाठ पलटायची नाही. दुसऱ्या शटलचा दोरा वेढ्याभोवती गुंडाळलेलाच ठेवायचा, वेढा ताठच राहिला पाहिजे. म्हणजे बेचाळीस वर्षं माझ्या मधल्या बोटानं जे केलं, नेमकं तेच करायचं नाही. व्हिडिओ मी महिनाभर पाहिला होता. कृती तोंडपाठ होती. तरी घरी केलेल्या प्रत्येक स्प्लिट रिंगेत कुठंतरी एखादी गाठ पलटलेली निघायची आणि दोरा अडकायचा. टॅटिंगमध्ये चूक उसवणं सोपं नाही, आवळलेली गाठ सुईच्या टोकानं उकलत बसावी लागते, आणि बहुतेक वेळा कात्रीच लावावी लागते. अशा किती रिंगा कापल्या ते मी मोजलं नाही, पण फार वाईट वाटायचं.

हॉलमध्येही पहिली रिंग अडकली. शेजारी शिवाजी पेठेतल्या काकू बसल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांचं बोट माझ्या वेढ्याच्या ताठ दोऱ्यावर अलगद टेकवलं, सतारीच्या तारेवर ठेवावं तसं, आणि म्हणाल्या, "कर आता." मी शटल फिरवलं.

"सोडलंस."

"नाही काकू, बोट तर हललंच नाही माझं."

"हललं नाही, पण सोडलंस. दोरा मऊ झाला. परत कर."

पुन्हा केलं. "हं, परत सोडलंस." चौथ्या वेळी मलाही जाणवलं. बोट जागचं हलत नव्हतं, पण शटल परत येताना मनगटातून अगदी केसभर ढील जात होती. डोळ्यांना ती दिसलीच नसती. मग काकूंनी माझं बोट घेतलं आणि स्वतःच्या वेढ्यावर ठेवलं. "आता मी करतो, तू नुसतं धर." त्यांचा दोरा पूर्ण वेळ एकसारखा ताठ होता. माझ्या बोटाखाली गाठ सरकत आली, बसली, आणि दोरा जराही मऊ पडला नाही. किती ताठ ठेवायचं हे मला तेव्हा कळलं. ते कुठल्या मापात सांगता येत नाही, पण त्या दिवसापासून माझ्या बोटाला ते ठाऊक आहे. पुढची रिंग पहिल्या ओढीत मिटली. मी काकूंच्या पाया पडले. त्यांनी "अगं, हे काय," म्हणून हात धरला. मला मात्र आत्याच आठवत होती.

गडहिंग्लजच्या त्या मुलानं आम्हाला दोऱ्याची टोकं लपवायची एक रीत दाखवली. शेवटच्या रिंगेच्या शेवटच्या चार-पाच गाठी घालताना आत एक वेगळा बारीक दोरा दुमडून ठेवायचा. रिंग मिटली की उरलेलं टोक त्या दुमडीत अडकवायचं आणि दुमड ओढून घ्यायची; टोक गाठींच्या आतून पलीकडं निघतं आणि मग बेतानं कापायचं. पिको एकसारखे यावेत म्हणून तो जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापून वापरतो, तेही मी लगेच उचललं.

दुपारनंतर इचलकरंजीच्या एक ताई क्लूनी पान शिकवायला बसल्या. त्या शटल म्हणत नाहीत, 'धोटा' म्हणतात, कारण त्यांच्या घरी तोच शब्द. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढं सगळं गावच मागाच्या आवाजावर वाढलं. ताईंच्या घरीही माग होते. आता बिनधोट्याचे माग आलेत, जुने भंगारात गेले. सासऱ्यांचा लाकडी धोटा तेवढा त्यांनी देवघराशेजारी जपून ठेवलाय. क्लूनी पानाला गाठी नसतातच. बोटांवर तीन उभे धागे ताणायचे आणि शटल आडवं, एकाखालून एकावरून, नेत आणत पान भरायचं. म्हणजे हातावरचा चिमुकला मागच. ताईंचा हात त्या कामाला इतका सरावलेला की त्यांचं पान तांदळाच्या दाण्यासारखं, दोन्ही टोकांना निमुळतं, मध्ये भरलेलं. माझं पान मध्येच आवळलं, त्याला कंबर आली. त्यांनी ते हातात घेऊन, उजेडाकडं धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही गाठ आवळल्यासारखं आवळताय. मागावर आडवा धागा आवळत नाहीत, बसवतात." एवढ्यात संध्याकाळ झाली आणि गाडीची वेळ म्हणून त्या उठल्या.

घरी आल्यावर भाचीनं विचारलं, काय नवीन शिकलीस. मी तिचं बोट माझ्या वेढ्यावर ठेवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "दोरा मऊ पडला की सांग." साध्या गाठी घालत गेले. तिनं पहिल्या दोन सोडून दिल्या, मग प्रत्येक पलटीला बरोबर "आत्ता" म्हणायला लागली. मग स्प्लिट रिंगेचा दुसरा भाग धरला. ती गप्प. थोड्या वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "आता होतच नाहीये की काही." तिला टॅटिंगमधलं एक अक्षर येत नाही, आणि व्हिडिओत महिनाभर जे मला कळलं नव्हतं ते तिनं ओळखलं.

वहिनींना सांगायचं एवढंच की सगळं येतंय, हे खरं नाही. तेव्हापासून मी सात क्लूनी पानं केली आहेत, सातही वाकडी. पहिली तीन कंबरेची, चौथ्याचं टोक जाड, पाचवं-सहावं जरा बरं, सातवं पुन्हा आवळलं. कापून टाकलेली नाहीत. क्रमानं एका कागदावर टाचून ठेवली आहेत, इचलकरंजीच्या ताईंना दाखवायला.