शेवटच्या सुराचे माहेर

बुधवार, रात्र

आज संध्याकाळी घरात कुणी नव्हते, म्हणून अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅटचे ‘ब्लू बायू’ मोठ्या आवाजात लावले आणि त्याचा अखेरचा तुकडा सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकला. १९७७ सालचे हे गाणे अमेरिकेत पॉप आणि कंट्री (तिथले ग्रामीण वळणाचे संगीत) अशा दोन्ही प्रकारांत गाजले. छातीतून भरभरून येणारा तिचा आवाज शेवटी एकाएकी हलका होतो, वर सरकतो आणि तिथेच विरतो. लहानपणी गाणे शिकताना अशा लावण्याला ‘चोरटा आवाज’ म्हणून आम्हाला मनाई होती. त्यामुळेच की काय, त्या सुराची मला फार वर्षांपासून ओढ आहे.

मेक्सिकोच्या ह्वापांगो गाण्यांत हीच जागा सापडते. तिथे आवाज भरीव सुरावरून झटकन बारीक सुरावर उडी घेतो आणि त्या उंचीवर थांबतो, आणि ही उडी जितकी निःसंकोच तितकी गायकी पक्की मानली जाते. कंट्रीमधल्या योडलची, म्हणजे भरीव आणि बारीक आवाजांत झटपट ये-जा करणाऱ्या गाण्याची, जातकुळीही याच्या जवळची आहे. म्हणून ‘तिने कंट्रीमध्ये लॅटिन वारसा मिसळला’ असे कुणी लिहिले की मला ते अपुरे वाटते. मिसळायला दोन गोष्टी आधी वेगळ्या असाव्या लागतात, आणि लिंडा १९४६ साली अ‍ॅरिझोनातल्या ज्या टूसॉनमध्ये जन्मली ते गावच १८५४ पर्यंत मेक्सिकोचे होते. आजही तिथून सीमा सुमारे १०० किलोमीटरवर आहे. कंट्रीतल्या गुराख्याचे ‘लॅसो’ आणि ‘रोडिओ’ हे शब्दसुद्धा स्पॅनिशमधूनच आलेले आहेत.

तिचे आजोबा फेदेरिको १८८२ मध्ये मेक्सिकोतल्या सोनोराहून टूसॉनला बग्ग्या बांधण्याचे काम शिकायला आले, पुढे त्याच धंद्यात स्थिरावले आणि गावात त्यांनी वाद्यवृंदही उभा केला. त्यांच्याकडून ऐकलेली गाणी त्यांच्या मुलीने, म्हणजे लिंडाच्या आत्याने, १९४६ मध्येच एका पुस्तिकेत छापली, तिचे नाव ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’, म्हणजे ‘माझ्या वडिलांची गाणी’. कंट्री गायक-गीतकार हँक विल्यम्सच्या गाण्यासाठी कंट्री गायिकेचे ग्रॅमी मिळवणाऱ्या लिंडाने १९७६ मध्ये वडील गिल्बर्ट यांच्या साथीने ‘लो सिएन्तो मी विदा’ हे अर्धे स्पॅनिश गाणे लिहिले, तेव्हा ती नवी वाट शोधत नव्हती, घरातलीच भाषा बाहेर आणत होती, असे मला वाटते.

१९८७ हे वर्ष मात्र मला थक्क करते. त्या एकाच वर्षी डॉली पार्टन आणि एमिलू हॅरिस या कंट्री गायिकांसह ‘ट्रायो’ हा अस्सल कंट्री संग्रह आला, आणि आत्याच्या पुस्तिकेचे नाव घेतलेला, मेक्सिकन संगीतकार रुबेन फुएन्तेस यांच्या देखरेखीखाली मारिआची या मेक्सिकोच्या पारंपरिक वाद्यवृंदांसह गायलेला, संपूर्ण स्पॅनिश संग्रहही आला. यात गिटार, व्हायोलिन आणि तुताऱ्या आहेत. अमेरिकन श्रोत्याला सोपे जावे म्हणून काहीही पातळ केलेले नाही, आणि हाच मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. अमेरिकेत त्याच्या २० लाख प्रती खपल्या. विशेष म्हणजे लिंडाला स्पॅनिश सफाईने बोलता येत नव्हते. ती भाषा तिच्याकडे बालपणापासून गाण्यांतूनच आली होती, आणि म्हणूनच तिच्या उच्चारांत पाठांतराचा कोरडेपणा मला कुठेही जाणवत नाही.

त्या संग्रहातले ‘ला सिगार्रा’ मी आज ‘ब्लू बायू’च्या पाठोपाठ लावले. सिगार्रा म्हणजे रातकिड्यासारखे किरकिरणारे ते झाडावरचे कीटक, जे गाता गाता प्राण सोडते अशी लोकसमजूत आहे. इथे तो बारीक सूर ती धरून ठेवते, श्वास संपेल असे वाटले तरी सोडत नाही. त्याच्या दहा वर्षे आधीच्या इंग्रजी गाण्यात जो सूर क्षणभर डोकावून गेला होता, तो इथे मोकळेपणाने दार उघडून समोर उभा राहतो. आजाराने आवाज साथ देईनासा झाल्यावर तिने २००९ मध्ये जाहीर कार्यक्रम थांबवले. ‘ला सिगार्रा’ संपल्यावर मी दुसरे काही लावले नाही.